नरकापर्यंतचा सिनेमा

सर, तुम्ही मला फसवलंत. तोंडावर म्हणायचं राहून गेलं, म्हणून आज लिहितेय.

सुलतानपूरच्या शाळेत खिडक्यांना सतरंज्या लावून तुम्ही आम्हाला तो जुना मूकपट दाखवला होतात. इटलीतल्या मध्ययुगीन काव्यावरचा. वाट चुकलेला एक माणूस, आणि त्याला नरकातून पार नेणारा, कधीच मरून गेलेला एक वडीलधारा कवी. पडद्यावरची अक्षरं आम्हाला वाचता येईनात, म्हणून तुम्ही टीव्हीशेजारी उभे राहून सगळ्यांच्या तोंडचं बोलत होतात, पाप्यांच्यासुद्धा. "काऊन आला बे इथं? तू तं जित्ता हायेस!" वर्ग हसून लोळत होता. मी मात्र त्या वाटाड्याकडेच बघत होते. हा घाबरला की तो पुढे होतो, याचा हात धरतो. शेवटी दोघं नरकाबाहेर येतात आणि सिनेमा संपतो.

"सर, मंग पुढं काय होते?" मी विचारलं.

"पुढं काय, दोघंई वर जातेत. वाटाड्या कधी मधातच सोडून जाते का?"

ते मी खरं मानलं. बी.ए. झाल्यावर सिनेमा शिकायला पुण्याला मुलाखतीला निघाले, तेव्हा बाबा अडून बसले होते. "सर संग असतीन तं जाय," एवढ्यावर आले. तुम्ही हो म्हणालात, गाडीत माझ्या शेजारी बसलात. बीबी गावाच्या स्टँडवर गाडी थांबली. "पाणी घेऊन येतो, बस तू," म्हणून उतरलात. गाडी हलली तशी मी ओरडले, माझे सर राहिलेत. कंडक्टर म्हणाला, "ते नाई येऊन राह्यले, पोरी. तुह्यावर लक्ष ठेवा, म्हणून सांगून गेले मले."

म्हणजे आधीच ठरवलं होतं तुम्ही. कंडक्टरला सांगितलंत, मला नाही. पुण्यात निवड झाली, तरी तो राग गेला नाही. दिवाळीत घरी येऊन तुम्हाला जाब विचारणार होते, तर तोवर तुम्हीच नव्हतात. आजारी होतात आणि कुणालाच कळू दिलं नव्हतंत. न सांगता जाण्याची ही दुसरी खेप.

पुढे सिनेमाचं संकलन करता करता त्या काव्यावरचे मिळतील तेवढे चित्रपट पाहिले. एक रंगीत, एक कार्टूनचा, एक आजच्या शहरात घडणारा. सगळे नरकातच संपतात. आग, सैतान, किंकाळ्या पडद्यावर छान दिसतात, पुढचं कुणाला नको असतं. म्हणून गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा ते काव्य अनुवादात पूर्ण वाचलं. नरकानंतर लागणाऱ्या डोंगराच्या माथ्यावर तो माणूस काहीतरी सांगायला मागे वळतो, आणि वाटाड्या नसतो. वाटाड्याला तिथून पुढे, स्वर्गात, जायची मुभाच नाही. निरोपसुद्धा घेत नाही तो.

तुम्हाला हे ठाऊक होतं. खरं सांगितलं असतंत तर मी त्या गाडीत चढलेच नसते, हेही ठाऊक होतं. समजतं मला. तरी फसवणूक ती फसवणूकच, सर.

त्या दिवशी जालन्यापर्यंत मी तुमच्या सीटवर पिशवी ठेवली होती, कुणाला बसू दिलं नाही. काल पुण्यात तोच मूकपट पुन्हा लागला होता. पिशवी शेजारच्या खुर्चीवर होती. एका बाईंनी विचारलं, "इथं कुणी येणार आहे का?"

मी हो म्हणाले.