बाबांच्या नावाचं हेल्मेट

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला नमस्कार, आणि तुमच्या गुडघ्यांना वेगळा. मी मजेत आहे. खोकला गेला म्हणायचं, जवळजवळ. तुम्ही गाळ काढायला विहिरीत उतरत नाही ना? जाऊ दे, आईलाच विचारते, ती खरं सांगेल.

माती खणणाऱ्या ज्या अजस्र यंत्राच्या बादल्यांचे दात मी वेल्डिंग करून जोडते, ते काल खाणीने कामगारांच्या घरच्यांना आतून दाखवलं. तुम्ही येणार नाही हे ठाऊक असूनही मी यादीत तुमचं नाव लिहिलं होतं. दारावर तुमचं हेल्मेट माझ्याच हातात आलं.

"वडील कुठे आहेत?" यंत्र चालवणाऱ्या म्हाताऱ्या काकांनी विचारलं.

"येतायत मागून. गुडघे दुखतात त्यांचे."

काकांनी माझ्या हातातल्या हेल्मेटकडे पाहिलं. "मग सावकाश चढू. घाई कुणाला आहे?"

आणि खरंच, जिन्याच्या प्रत्येक वळणावर ते थांबले. वर गेल्यावर मी सांगितलं, आमची विहीर खणायला बाबांचे दोन उन्हाळे गेले, तेवढी माती हे यंत्र चहा उकळेपर्यंत उपसेल. काका म्हणाले, "आम्ही पाच जण लागतो याला. ते एकटे होते ना?"

परक्या मुलखात असं माणूस भेटलं, माझं नशीब.

खाली उतरल्यावर वहीत प्रत्येकाच्या नावापुढे परत आल्याची सही करायची होती. तुमच्या नावापुढे मी करायला गेले, तर काकांनी पेन काढून घेतलं.

"राहू दे. ते अजून वरच आहेत. निवांत बघू दे त्यांना."

तुमची,
थोरली