कोपरा फाडलेले पाकीट

ठाणे,
१२ नोव्हेंबर १९९८

ती. दादास,
नीताचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. तू पाठवलेली नागली पोचली आणि पिशवीतली चिठ्ठीही. हो, भाकरी येते मला. गोल येत नाही, एवढेच.

आता मुद्द्याचे. आमच्या नाट्यसंग्रहालयात एका जुन्या नाटक कंपनीच्या मॅनेजरच्या नातवाने ट्रंक आणून दिली. यादी करायचे काम माझ्याकडे आले. झाकणावर नाव होते, 'रंगू मोखाडकर, नर्तकी'. आत जाहिराती, करारनामे, मॅनेजरची रोजनिशी, चाळांची जोडी आणि एक फोटो. फोटोतले नाक बघितले आणि मी तो खिडकीशी नेऊन पुन्हा बघितला. दादा, ते आपल्या आईचे नाक आहे. ही आपली रंगूमावशी. दसऱ्याला जव्हारात आलेल्या कंपनीबरोबर सतराव्या वर्षी निघून गेली ती. आईने जिचे नाव घरात कधी काढू दिले नाही, ती. १९६१ साली वारली, असे कागदांवरून दिसते.

ट्रंकेत घरचे असे एकच पत्र आहे. १९३४ सालचे पाकीट, वर मोखाड्याचा शिक्का, अजून न फोडलेले. एक कोपरा मात्र फाडलेला. आमच्या साहेबांनी नोंदीत लिहिले, 'कोपरा उंदराने खाल्ला'. आपल्याकडे कोपरा फाडलेले पत्र म्हणजे मयताची खबर, ती दारातच वाचून फाडून टाकायची, हे त्यांना कोण सांगणार? पण त्या साली आपल्यातले कोण गेले? बंद पाकीट वारसाच्या संमतीशिवाय फोडता येत नाही. अर्ज सोबत आहे. त्यावर आईचा अंगठा घेऊन पाठव.

वहिनीला नमस्कार. माझ्यावरचा लोभ भाकरीच्या आकारावरून ठरवू नये.

तुझी,
नीता


खोडाळा,
२९ नोव्हेंबर १९९८

चि. नीतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

भाताची झोडणी उरकली. माझ्या मागे पेपर तपासायचे लागले आहेत. तुझी वहिनी म्हणते, गोल भाकरी येत नसेल तर ताटलीने कापून घे.

तुझे पत्र नेहमीप्रमाणे अंगणात आईला वाचून दाखवले. फोटोपर्यंत ती ऐकत होती. पाकिटाचे आले तशी ताठ झाली. त्या साली कोण गेले, म्हणून मी विचारले. कोणी नाही, त्या साली माझे लग्न झाले, म्हणाली आणि उठून गोठ्यात गेली.

अंगठा दहा दिवस दिला नाही. जी सख्खी बहीण लग्नाला आली नाही, तिच्या कागदावर माझे बोट कशाला, असे म्हणे. आजीने रंगूमावशीसाठी हिरवे लुगडे घेऊन ठेवले होते, हे मला आत्ताच कळले. अकरा वर्षे वाट बघितली. शेवटी आजी अहेवपणी गेली, तेव्हा तेच तिला नेसवले. हे सांगताना आईचा आवाज इतका कडवट झाला की मी विषयच सोडून दिला.

काल बाजारातून आल्यावर मात्र तिने स्वतःहून शाईचा पॅड मागितला. अर्ज सोबत आहे. जे निघेल ते कळव.

तुझा,
दादा


ठाणे,
१६ डिसेंबर १९९८

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट फोडले. कोणीच मेलेले नाही रे. आजीने गुरुजींकडून लिहवून घेतलेले आहे. कमूचे (म्हणजे आपल्या आईचे) लग्न माघात ठरले, आम्ही तिघे खुशाल आहोत, बापाचा राग गेला आहे, तुला लुगडे घेतले आहे, ये. एवढेच. मी दोनदा वाचले आणि भर ऑफिसात रडले.

मावशीला वाचता येत नव्हते. करारनाम्यांवर सगळीकडे अंगठेच आहेत. मॅनेजरची रोजनिशी ट्रंकेत आहे, तिच्यावरून उरलेले कळले. पत्र कंपनीच्या मागे गावोगाव फिरून महिन्याने पोचले. कोपरा बघताच मावशीने डोक्यावरून पाणी घेतले. मॅनेजर वाचून दाखवतो म्हणाले, तर हात जोडून नको म्हणाली. आई, बाप की कमू, कोण गेले ते मला ऐकायचे नाही. तेरावेही होऊन गेले असेल, आता कोणत्या तोंडाने जाऊ? दहा दिवस पायांत चाळ बांधले नाहीत. पुढे दरवर्षी त्या तिथीला तीन पाने वाढायची आणि म्हणायची, ज्याचे असेल त्याने घ्यावे.

मग कोपरा फाडला कोणी? पोस्टात फाटला, की खरेच उंदीर? डोके चालत नाही.

तब्येतीला जप. लोभ आहे तो तसाच राहू दे.

तुझी,
नीता

ता. क. हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.


खोडाळा,
३ जानेवारी १९९९

चि. नीतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाई गं, अशी सूचना पत्राच्या शेवटी लिहितात का? मी अंगणात बसून मोठ्याने वाचत होतो. मावशी तीन पाने वाढायची, तिथपर्यंत आलो आणि वर बघितले तर आईने पदर तोंडात कोंबलेला.

कोपरा तिने फाडला, नीता. तेरा वर्षांची होती. आजीने पाकीट देऊन तिला मोखाड्याच्या पेटीत टाकायला पाठवले. त्याआधी चुलता वारला तेव्हा असेच कोपरा फाडलेले पत्र आले होते आणि घरची माणसे नागलीच्या शेतात विळे टाकून त्याच दिवशी निघाली होती. आईच्या डोक्यात बसले की कोपरा फाडला की माणूस धावत येतो. ताई धावत यावी म्हणून तिने वाटेत दातांनी कोपरा तोडला. कोणाला सांगितले नाही. आणि ताई आली नाही, तेव्हा तिने मनाशी धरले की ही मयतालाही न येणारी बहीण. चौसष्ट वर्षे हा राग धरला. आता म्हणते, ती माझे पान वाढत होती आणि मी इथे जिवंत बसून तिला शिव्या घालत होते.

मी समजूत घातली, लहान होतीस, तुला काय कळणार. तिला ते पटत नाही. मलाही पटवता येत नाही. दोन दिवस जेवली नाही, आज पेज घेतली.

तिचा एक निरोप आहे. साहेबांना सांगून ट्रंकेतला फोटो बाहेर काढ आणि त्याच्यासमोर आजीचे पत्र मोठ्याने वाच. ताईला वाचता येत नव्हते ना. सावकाश वाच, म्हणाली, आम्ही तिघे खुशाल आहोत हे दोनदा वाच.

आमची काळजी करू नकोस, संक्रांतीला मात्र ये. हे पत्र लिहून झाल्यावर आईने मागून घेतले. चारही कोपरे बोटांनी चाचपले, आणि पुन्हा एकदा चाचपून मगच पाकिटात घालू दिले.

तुझा,
दादा