सहाव्या बॉम्बचा पिवळा पट्टा

नवीन पनवेल,
१० ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझा चष्म्याचा नंबर पुन्हा वाढल्याचं वहिनी म्हणाली होती, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. आम्ही दोघं ठीक. यांची शुगर आहे तशीच आहे. कोजागरीचं दूध यंदा दोघांनीच गच्चीवर बसून प्यायलं, रुचिराला सुट्टी मिळाली नाही. दिवाळीला येईन म्हणते. सोसायटीत पाणी अजून एक दिवसाआड येतं.

पत्र बघून तुला नवल वाटेल. पनवेलहून पुण्याला आता कोण पत्र लिहितं? पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद तरी मध्ये बोलणार नाही.

आधी विमानाचं सांगते. ते पूर्ण झालं. जूनमध्ये तू म्हणालास, पमा, तू एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवलीस, आमच्या एअरफोर्सच्या स्क्वाड्रनच्या मेळाव्यासाठी हंटर विमानाचं एक मॉडेल करून दे, बाजारातून तयार आणलेला नको. तेव्हा मला वाटलं होतं की खेळण्याला रंग द्यायचा, चार दिवसांचं काम. खारघरच्या प्रणितच्या दुकानातून खोका आणला आणि उघडून बघितला तर करड्या प्लास्टिकचे दोनशे तुकडे. चार महिने गेले. पण खरं सांगू, फार वर्षांनी इतकी रमले. सकाळी यांचा डबा झाला की मी, भिंग आणि शून्य नंबरचा ब्रश.

आणि तू धाडलेली ती चार पानं. विमानाबद्दल अर्धं पान आणि बाकी सगळं बॉम्बबद्दल. हे हसून म्हणाले, जन्मभर बॉम्ब हाताळलेल्या शस्त्रवाल्याला विमान म्हणजे बॉम्ब टांगायची खुंटी. तू लिहिलं होतंस की लोक मॉडेल करतात तेव्हा विमानावर जीव टाकतात आणि बॉम्ब कसेही रंगवतात, ते तुला बघवत नाही. हिरवा म्हणजे शेवाळी, पण चकाकी नको. नाकाजवळ पिवळा पट्टा, तो खऱ्या बॉम्बवर तीन-चार बोटं रुंद, तर मॉडेलवर एक मिलिमीटरच. सरळ हिरव्यावर पिवळा मारलास तर मळका दिसेल, आधी पांढरा दे. पिवळ्यात कणभर तपकिरी घाल, नाहीतर लहान आकारात तो बाजारू दिसतो. मी सगळं तसंच केलं. चिकटपट्टीच्या एक मिलिमीटरच्या पट्ट्या कापताना माझी दोन बोटं कापली. शेपटीजवळचे लॉट नंबर, म्हणजे बॉम्ब कुठल्या खेपेचा ते सांगणारे आकडे, पाण्यात भिजवून चिकटवले, एकेक अक्षर मुंगीच्या पायाएवढं.

पट्ट्याचा अर्थही तूच लिहिला होतास. पिवळा पट्टा म्हणजे आत स्फोटक. तुमच्या तळावर तेव्हा सरावाचे बॉम्ब, वाळू-सिमेंट भरलेले, हिरवेच असत, त्यांना पट्टा नसे. पोरं शिकायला यायची ती त्यांच्यावर हात बसवायची. ‘पट्टा बघून माणूस हात लावतो, पमा. पट्टा चुकला तर माणूस चुकला.’ हे तुझंच वाक्य आहे, तिसऱ्या पानावर, खाली रेघ मारलेलं.

आता तो फोटो.

हंटर आणि त्याच्यापुढे छोट्या ढकलगाड्यांवर ओळीत सहा बॉम्ब, असा देखावा तुला हवा होता. ओळ कशी लागते ते कळेना, म्हणून माझ्या लग्नाच्या फोटोंचा डबा काढला. आप्पांचा कॅमेरा तू तुझ्याबरोबर नेला होतास आणि लग्नाला येताना परत आणलास, आठवतं? त्याच रोलवर माझी हळद आहे. पण रोलचा पहिला फोटो हळदीचा नाही. त्यात तू आहेस, मागे विमानाचं शेपूट, पुढे सहा बॉम्ब. नवे रंगवलेले, उन्हात ओले दिसतात. तू साध्या कपड्यांत आहेस, हातात तपकिरी सूटकेस. तीच जी तू मला आहेर म्हणून दिलीस. अजून माळ्यावर आहे. म्हणजे फोटो तू घरी यायला निघालास त्या दिवसाचा.

कडेला एक जण उकिडवा बसलाय. पायाशी रंगाचा डबा, मांडीवर उघडी वही. आणि सहाव्या बॉम्बला पट्टा नाही.

मी तुला फोन केला तो यासाठी. मला एवढंच विचारायचं होतं की मीही पाच पट्टे काढू का. तू आधी विचारलंस, तो फोटो तुझ्याकडे कसा आला. मग म्हणालास की जुना फोटो आहे, रंग उडालाय, सहाच्या सहा पट्टे काढ आणि फोटो कुणाला दाखवू नकोस. दादा, रंग उडाला असता तर पाचांचाही उडाला असता. मी जन्मभर रंग शिकवले आहेत.

कडेला बसलेल्या माणसाला मी ओळखलं. कसं, ते लिहिते पुढे.

११ ऑक्टोबर

काल इथवर लिहून उठले. यांना जेवायला वाढायचं होतं, असं स्वतःला सांगितलं.

मी मोऱ्याला, फोटोतल्या त्या माणसाकडे जाऊन आले. गेल्या महिन्यात, संकष्टी करून, यांना न सांगता. एसटीनं उरण, तिथून रिक्षा. धक्क्यावर विचारलं, वेणू कोळी कुठे राहतात, पूर्वी एअरफोर्सात होते. तिकीट देणाऱ्या मुलीनं बोट दाखवलं. पलीकडे एक बोट ओढून ठेवली होती आणि एक म्हातारा तिच्यावर नंबर रंगवत होता. कुठे आखणी नाही, पट्टी नाही, आणि आकडे कसे छापल्यासारखे. मी मागे उभी राहून बघत राहिले. तू म्हणायचास तसा दारूत वाया गेलेला हात असा नसतो, दादा.

मी नाव सांगितलं, पनवेलची, उदयसिंहची बहीण. त्यानं ब्रश डब्यात ठेवला, हात पुसले आणि म्हणाला, “मना म्हाईत हाय. घरी चला, उनात नका उभ्या राहू.”

घरी गुणाबाई होती, त्याची बायको. उरणच्या बाजारात मासळी विकायची, आता पाय धरलेत. मी फोटो पुढे ठेवला. वेणूनं तो लांब धरला, जवळ धरला. मग त्यानं सांगितलं ते मी तुला त्याच्याइतकंच साधं लिहिते.

तपासणीसाठी सहा बॉम्ब नव्यानं रंगवायचं काम तुझं होतं. पाच झाले. सहाव्याचा हिरवा ओला होता, वाळल्याशिवाय पट्टा मारता येईना, आणि तुझी गाडी होती. तू वेणूला म्हणालास, सहाही पट्टे झालेत असं वहीत लिही आणि माझ्या ऐवजी तुझी सही कर, संध्याकाळी तेवढा एक पट्टा मार. वेणू म्हणाला, बहिणीचं लगीन हाय, तू जा. त्यानं सही केली. तो फोटो त्याच वेळी कुणीतरी गंमत म्हणून काढला. त्या संध्याकाळी वेणूला दुसऱ्या तळावर दोन दिवसांसाठी पाठवलं. तो परत आला तेव्हा सहावा बॉम्ब सरावाच्या बॉम्बांत जाऊन पडला होता आणि शिकाऊ पोरं तो विमानाला चढवायला घेत होती. वेणूनं शेपटीवरचा लॉट नंबर वाचला, आत स्फोटक आहे हे ओळखलं आणि सगळ्यांना मागे घेतलं.

दादा, हे तर तुझं आहे. हे तू आम्हाला चाळीस वर्षं सांगितलंस. लॉट नंबर वाचून सगळ्यांना मागे घेणारा तू होतास. आप्पा आल्यागेल्याला सांगायचे. मी वर्गात मुलांना सांगायची, निरीक्षण म्हणजे काय त्याचं उदाहरण म्हणून.

मी वेणूला तसं म्हटलंही. मी म्हटलं, दादा तर सांगतो की त्यानं थांबवलं.  गुणाबाई उठली आणि पत्र्याच्या पेटीतून एक कागद काढून आणला. चौकशीचा आदेश, घड्या पडून चिरलेला. इंग्रजीत होता, मी वाचला. घटना कधीची, तर १७ मे १९८४, सकाळची. सतरा मे, गुरुवार. त्या सकाळी पनवेलला माझ्या लग्नात तू यांचा कान पिळत होतास. त्याचाही फोटो आहे, त्याच रोलवर.

पुढचं तुला माहीत आहे, पण मला माहीत नव्हतं. वहीत सही वेणूची. चौकशीत तुला विचारलं तेव्हा तू म्हणालास, मी सहाही पट्टे मारून गेलो होतो, वेणूनं नंतर काय केलं मला ठाऊक नाही. वेणूची बढती गेली. मुदत संपल्यावर वाढवून मिळाली नाही, पेन्शनला पोचायच्या आत तो घरी आला. “सासरा मरंपर्यंत यांच्याशी बोलला नाय,” गुणाबाई म्हणाली. “सरकारची वस्तू नीट नाय सांभाळली, असाच समजून गेला तो.”

आता मी कालपासून टाळते आहे ते.

एक्याण्णव साली, आम्ही जुन्या पनवेलला राहायचो तेव्हा, एक माणूस दाराशी आला होता. मी तुला ते तेव्हाच फोनवर सांगितलं होतं. त्याला तुझा नवा पत्ता हवा होता, पेन्शनसाठी अर्ज करायचा होता, काय झालं त्याच्या तुझ्या हातच्या दोन ओळी हव्या होत्या. तू आधीच मला बजावून ठेवलं होतंस की मोऱ्याचा वेणू म्हणून एक बेवडा आहे, पैसे मागायला येईल, आत घेऊ नकोस. मी जाळीचं दार उघडलं नाही. दादा इथे राहत नाही म्हटलं आणि आतलं दारही लावलं. रुचिरा कडेवर होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी त्याला नीट बघितलं, म्हणूनच फोटोतला चेहरा ओळखला. तो खालच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायला, रुमालानं तोंड पुसलं आणि स्टँडच्या दिशेनं चालत गेला. धड चालत होता. बेवड्याची चाल नव्हती ती. मी ते बघितलं होतं, दादा. बघूनही मी तुझं ऐकलं.

मोऱ्याला मी त्याला म्हटलं, त्या दिवशी मी दार उघडलं नाही. तो म्हणाला, “तुमचा काय दोष. भावानं सांगितला, बहिनीनं ऐकला. मी पन त्याचा ऐकलाच ना.”

तू माझ्यासाठी आलास, हे मी आयुष्यभर मिरवलं. सुट्टी मिळत नव्हती तरी भाऊ दोन दिवस गाडीत उभा राहून आला. ते खरंच आहे. पण त्याची किंमत दुसऱ्याला भरायला लावलीस, आणि तो वसुलीला आला तेव्हा मलाच दारात उभं केलंस. खोटं बोललास याचा राग कधीतरी निवेल. पण मला तुझ्या बाजूची साक्षीदार करून ठेवलंस, मला न विचारता. माझ्या हातून एका तहानलेल्या माणसाला दार लावून घेतलंस. मला हे गिळता येत नाही.

मागच्या रविवारी मी पुन्हा गेले, विमान घेऊन. यांना सगळं सांगितलं होतं, तेही आले. पाच बॉम्बना पट्टे होते, सहावा मी तसाच ठेवला होता. वेणूनं भिंगातून एकेक बघितला. पिवळ्यात तपकिरी घातलाय हे त्यानं न सांगता ओळखलं. मी विचारलं, सहाव्याचं काय करू, फोटोत आहे तसा ठेवू? तो म्हणाला, “नको. ब्रश हाय का बरोबर?” मी दिला. त्यानं बॉम्ब दोन बोटांत धरला. आधी पांढरा मारला, वाळेपर्यंत चहा झाला, मग पिवळा. माझे पाच पट्टे आणि त्याचा एक शेजारी ठेवले तर त्याचाच सरळ आहे.

विमान मी तिथेच ठेवून आले. गुणाबाईनं देवाशेजारच्या फळीवरचे डबे खाली काढून जागा केली. मेळाव्यात ते स्क्वाड्रनला तुझ्या हस्ते द्यायचं ठरलं होतं, पत्रिकेतही छापलं आहे. विमान कुठे गेलं ते लोकांना काय सांगायचं, ते तू ठरव.

मी वेणूला विचारलं होतं की मेळाव्याला येता का, मी सोबत येते, सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. त्यानं नाही म्हणून मान हलवली. म्हणाला, “त्याला खाली बघायला लावून मना काय मिळनार? त्यानं एक कागद लिवावा. काय जाला ते, त्याच्या हातानं. गुनाबाईला वाचून दाखवीन.”

एवढंच मागितलं, दादा. एक्याण्णव साली मागितलं होतं तेच.

भाऊबीजेला येऊ नकोस. वहिनीला हे पत्र दाखवायचं की नाही, ते तुझं तू बघ. आणि मला उत्तर लिहू नकोस, फोनही करू नकोस. लिहायचं असेल तर पत्ता खाली दिला आहे. त्यांच्याकडे पोस्टमन दुपारी येतो.

श्री. वेणू कोळी,
धक्क्याजवळ, मोरा,
ता. उरण, जि. रायगड

पद्मजा