श्री. चिंतामणी देवरुखकर यांच्या नेमणुकीस हरकत

दिनांक : १८ मार्च १९९१

प्रति,
मा. निवड अधिकारी,
विशेष कार्यकारी दंडाधिकारी नेमणूक, मुंबई

विषय : निवृत्त पोलीस अधिकारी श्री. चिंतामणी देवरुखकर यांना दंडाधिकारी नेमू नये याबाबत.

संदर्भ : हरकत मागे घेण्याविषयी आपले पत्र.

महोदय,

मी खाली सही करणार कालिंदी दौलत घाडी, राहणार लालबाग, आपणांस कळविते की आपले पत्र शेजारच्या मास्तरांकडून दोनदा वाचून घेतले. माझी हरकत "जुन्या वैमनस्यातून" आहे असे आपण लिहिता. शब्द बरोबर आहे. तो खोडू नये.

१. संपाच्या दुसऱ्या वर्षी गिरणीचे भोंगे बंद, घरात पगार नाही, आणि त्यातच सरकारने काटकसर म्हणून रेशनवरचा तांदूळ व रॉकेल निम्म्यावर आणले. तेव्हा आम्ही बायकांनी रिकामे डबे वाजवत परळला रेशन कचेरीवर मोर्चा नेला. माझी नणंद तुळसा गणपत मेस्त्री सर्वांत पुढे होती. गौरीच्या गाण्यांना तिचाच आवाज लागायचा, म्हणून घोषणाही तिनेच द्यायच्या असे ठरले होते.

२. बंदोबस्तावर श्री. देवरुखकर फौजदार होते. ते तिला म्हणाले, "ए बाई, तोंड बंद कर." तुळसा म्हणाली, "साहेब, तांदूळ द्या, आपोआप बंद होईल." बायका हसल्या. बाजूचे दोन शिपाईसुद्धा हसले. ते हसणे श्री. देवरुखकर यांना सोसले नाही. त्यांनी लाठी तिच्या तोंडावर मारली. मी हाताच्या अंतरावर होते, आवाज मी ऐकला आहे. त्यानंतर सगळ्यांवरच लाठ्या पडल्या. पळताना बायकांच्या चपला नि डबे रस्त्यावर राहिले.

३. तुळसाचा जबडा दोन जागी मोडला होता. इस्पितळात तारेने बांधला. खाटेशेजारी पोलीस बसवला, कारण गुन्हा तिच्यावरच दाखल झाला : जमाव भडकावला, अधिकाऱ्याला डबा फेकून मारला. बाई पळताना फुटपाथवर पडून जबडा मोडला, असा जबाब श्री. देवरुखकर यांनी दिला. कोर्टात तिला "गुन्हा कबूल आहे का?" असे विचारले तेव्हा तिला मान हलवण्यापलीकडे काही करता आले नाही. तिचे म्हणणे मी सांगू लागले, तर मला बाहेर काढले. ती पेजेवर जगली. पुढे जबड्यात पू झाला आणि ताप डोक्यात गेला. आरोपी मयत म्हणून खटला मिटला. श्री. देवरुखकर त्याच सुमारास बढतीवर गेले.

४. तिची मुलगी कमल माझ्याकडे वाढली. आता ती परिचारिकेच्या शिक्षणाला अर्ज करते आहे. त्याला चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागतो, आणि त्यावर आमच्या भागातील दंडाधिकाऱ्याची सही. म्हणजे आपण नेमणूक केलीत, तर ज्या हाताने आईचे तोंड फोडले, त्याच हातापुढे पोरीने कागद धरायचा.

५. गेल्या आठवड्यात श्री. देवरुखकर पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या खोलीवर आले. म्हणाले, "कालिंदीबाई, आम्ही हुकमाचे ताबेदार. झालं गेलं सोडा." मी विचारले, "हुकूम पांगवायचा होता की जबडा फोडायचा?" त्यावर ते म्हणाले, "खरं सांगतो, मला ती बाई आठवतही नाही."

तोवर माझ्या मनात कदाचित हरकत मागे घेण्याइतका थकवा आला होता. त्या वाक्याने तो गेला. मी कमलला आतून हाक मारली आणि त्यांच्यासमोर उभी केली. ती हुबेहूब आईवर गेली आहे. मी म्हटले, "आता बघा, आठवते का." ते उठून बूट घालू लागले. नाडी न बांधताच ते दाराबाहेर पडले, ते पाहून मला बरे वाटले. हे सरकारी कागदावर लिहू नये असे मास्तर म्हणाले. मी मुद्दाम लिहविले आहे. पेढ्यांचा पुडा मी त्यांच्यामागून जिन्यावरून खाली फेकला.

६. मला नुकसानभरपाई नको, दिलगिरीही नको. दिलगिरीने त्यांना झोप लागेल. माझी मागणी एवढीच की नेमणूक नाकारावी, आणि तुळसाच्या नावासकट कारण आपल्या कचेरीच्या फलकावर मराठीत लावावे, म्हणजे त्यांच्या सोसायटीतल्यांनाही वाचता येईल.

७. तरीही नेमणूक झालीच, तर माझी तक्रार राहणार नाही. मोर्चातल्या ज्या बायका हयात आहेत त्यांना मी सांगून ठेवले आहे. श्री. देवरुखकर दाखल्यांवर नि नकलांवर सह्या करायला बसतील त्या पहिल्या सकाळी रांगेत पहिली मी असेन, माझ्यामागे त्या. तुळसाच्या मृत्यूच्या दाखल्याची नक्कल त्यांच्यापुढे ठेवीन. त्या नकलेवर त्यांनी आपल्या हाताने लिहावे : खरी प्रत.

हरकतीवर कायम असलेली अर्जदार,

(सही) कालिंदी दौलत घाडी
लालबाग, मुंबई