स्थिर हाताचा भार

सोमवार, ४
नव्या नोकरीचा पहिला दिवस उत्तम गेला. ब्लँकेटांच्या कारखान्यातील तपासणीची खोली प्रशस्त व उजेडाची आहे. डोळ्यांवर पट्टी बांधून तळहाताने लोकरीचा पोत ठरवावयाचा, एवढेच काम. शेजारच्या मेजावर वीस वर्षे हेच करीत आलेल्या मावशी बसतात. माझी पदवी ऐकून त्यांनी मला ‘प्राध्यापक’ करून टाकले. त्यांचा नियम असा: हात फिरता ठेवावा, एका जागी ठेवला की मिनिटभरात कातडीला झोप लागते, मग मखमल काय नि गोणपाट काय. अंगातला सदरा तरी कुठे जाणवतो, असे त्या म्हणाल्या. पत्नी जाऊन तीन महिने झाले. आज प्रथमच पोटभर जेवलो.

बुधवार, ६
मावशी रजेवर होत्या. पट्टी बांधलेली असताना माझ्या उजव्या हातावर एक तळहात अलगद टेकला. शिवणकामाने खरखरीत झालेली पत्नीची तर्जनी मी ओळखली. ती निघून जाईल या धास्तीने मी हात हलवला नाही. मिनिटभरात स्पर्श विरला. नियम ठाऊक असूनही रडलो.

शुक्रवार, ८
पुन्हा आली. स्पर्श विरू लागताच मी पुटपुटलो, “जरा जोरात.” तिने ऐकले. हयातीत तिने माझे एकही म्हणणे असे मुकाट ऐकले नव्हते.

मंगळवार, १२
मनगटावर काळेनिळे वळ. मावशींना सारे सांगितले. त्या म्हणाल्या, की गेलेल्या माणसाला आपला जोर कळत नाही. त्याची कातडी कायमचीच निजलेली. तिला ‘पुरे’ म्हणा.
ते मला म्हणवले नाही. म्हटले तर ती दुसऱ्यांदा जाईल. हात बोथटला होता, म्हणून तिला जागा बदलण्याची विनंती केली.

गुरुवार, १४
खांदा. ताजा, स्पष्ट भार. दोन मिनिटे सुख — मग काहीच नाही. पुन्हा म्हटले, जरा जोरात. आणखी वर.

शुक्रवार, १५
मावशींनी माझी पट्टी ओढून काढली. “प्राध्यापक, गळ्यावर कुणाची बोटं उमटलीत?”
मला तर काही जाणवत नव्हते.

शनिवार, १६
आरशासमोर लिहितो. गळ्याची कातडी चार ठिकाणी आत दबलेली — दुखत नाही — म्हणजे हात कालपासून काढलेलाच नाही — श्वास अर्धाच येतो —
‘पुरे’ म्हणतो आता. तिला म्हणतोच. ओठ उघडले, पण आवाज