चॅनेल एकवरची शांतता

४ मार्च, सोमवार
नवी वही. जुनी भरली नव्हती, पण तिच्यात संकल्प फार साठले होते.

रेडिओ रूमचा सुपरवायझर म्हणून माझं बस्तान आता चांगलं बसलं आहे. खोली चोवीस तास जागी असते. आमच्या संस्थेच्या गाड्या, धान्याच्या, पाण्याच्या आणि एक फिरता दवाखाना, दोन भांडणाऱ्या बाजूंच्या मधल्या रस्त्यांवरून मदत घेऊन जातात. कुठली गाडी कुठे आहे हे या खोलीला माहीत असतं. म्हणजे मला.

दवाखान्याच्या गाडीत आमची सूनबाई नर्स आहे. चिरंजीव दूर बोटीवर. जाताना म्हणाला, बाबा, तिच्यावर लक्ष असू द्या. मी म्हटलं, काळजी नको, तुझी बायको माझ्या कानात आहे. त्याने जरा विचित्र पाहिलं. त्याला उपमा कळत नाहीत. परीक्षेत कवितेचा प्रश्न कायम ऑप्शनला टाकायचा.

संकल्प: चॅनेल एकला शिस्त लावणे.

५ मार्च, मंगळवार
आज चॅनेल एकवर काय काय ऐकलं! एक ड्रायव्हर म्हणे, अरे, पुलापाशी चिखल आहे, डावीकडून ये. कोण बोलतंय, कुणाशी, कुठला पूल, काही नाही. दुसऱ्याचं डिझेल संपत आलेलं. तिसरा नुसताच हसला. आम्ही बिनतारी खात्यात होतो तेव्हा एक शब्द जास्त गेला तर साहेब आठवडाभर चहाला बोलवत नसत.

हुकूम काढला. यापुढे प्रत्येक निरोपात सहा गोष्टी हव्यात, आणि त्याच क्रमाने: कोण, कुठून, कुठे, कशासाठी, केव्हा, कुणाच्या परवानगीने. क्रम चुकला तर निरोप पहिल्यापासून. बाकीचं फालतू बोलणं चॅनेल दोनवर न्यावं. दिवसपाळीच्या ऑपरेटरबाईंनी विचारलं, फालतू म्हणजे कुठलं? मी म्हटलं, सहात न बसणारं सगळं. त्यांनी पुन्हा विचारलं, सगळं? मी म्हटलं, सगळं.

या बाईंना एकदा सांगून कळत नाही.

७ मार्च, गुरुवार
चमत्कार. चॅनेल एक आरशासारखा स्वच्छ. सकाळपासून दोन निरोप, दोन्ही सहा कलमी. चिखलाचा विषयसुद्धा बंद झाला. पूल दुरुस्त झाला असावा.

सुरक्षेचे साहेब आत डोकावले. वयाने चिरंजीवाएवढे. त्यांना म्हटलं, ऐका. ते म्हणाले, काहीच ऐकू येत नाही. मी म्हटलं, तेच तर ऐका. ते मान हलवून गेले. आजच्या पिढीला शांततेचा अर्थ समजावा लागतो.

११ मार्च, सोमवार
ऑपरेटरबाईंनी दुसरा सेट कोपऱ्यात नेला आहे. दिवसभर हेडफोन लावून दोनवरच्या गप्पा ऐकतात, काहीतरी लिहितात, मधेच उठून नकाशावरच्या टाचण्या हलवतात. कुठल्या अंदाजाने हलवतात कळत नाही. म्हटलं, बाई, गप्पाटप्पांसाठी एवढं दमू नका. "बरं काका" म्हणाल्या आणि हेडफोन परत लावला.

संध्याकाळी सातला सगळ्या गाड्या चॅनेल एकवर येऊन हजेरी देतात. हजेरी म्हटलं की मला आमचा चौथीचा वर्ग आठवतो. खिडकीतून येणारं ऊन, खडूची धूळ, आणि हजेरी झाल्यावर डोळे मिटून कविता म्हणणारे मास्तर. ती प्रथा मी आजपासून सुरू केली. हजेरीनंतर दोन ओळी:

माळावरती सांज उतरली, वाट दिसेना पुढची
तरी पावले घरी निघाली, खूण पाहुनी घरची

माइकचं बटण सोडलं तर टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. सगळे भारावले होते.

१३ मार्च, बुधवार
कळलं की ड्रायव्हर मंडळी मला मागे "मास्तर" म्हणतात. मी काही हरकत घेतली नाही.

आज चार ओळी म्हटल्या.

१५ मार्च, शुक्रवार
धान्याच्या ट्रकवर नवा ड्रायव्हर आला आहे. मनुष्य रसिक दिसतो. आज पूर्ण कविता म्हटली, नऊ कडवी. बाकीच्यांची नेहमीप्रमाणे तल्लीन शांतता. पण हा शेवटी बोलला. "संपलं का, मास्तर? मग मीपण दोनवर जातो."

"मीपण" का म्हणाला, यावर थोडा विचार केला. नवीन माणूस आहे, भाषा कच्ची असते.

१८ मार्च, सोमवार
घरीही शिस्त आणावी म्हणून सौ.ला सांगितलं, बाहेर पडताना कुठे, कशासाठी आणि केव्हा परत हे सांगून जात जा. तिने विचारलं, कुणाच्या परवानगीने हेपण सांगायचं का? संवाद तिथेच थांबला.

ती ऑपरेटरबाईंशी फोनवर फार वेळ बोलत असते. दोघींची ओळख कधी झाली? विषय काय असतो? विचारलं तर म्हणाली, रस्ते. बायकांना रस्त्यांचं काय?

२० मार्च, बुधवार
सकाळी ११. चॅनेल एक शांत.

दुपारी १. शांत. साहेब तिसऱ्यांदा कोपऱ्यात बाईंकडे जाऊन आले. दोघे उभे राहून बोलतात. मी खूण केली की आवाज कमी, इथे रेडिओ चालू आहे. साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग खरोखर आवाज कमी केला. समजूतदार आहे मुलगा.

दुपारी ३. चिरंजीवाचा बोटीवरून फोन. कसं चाललंय विचारत होता. म्हटलं, मी स्वतः सेटवर बसलो आहे, पान हलत नाही. तो म्हणाला, बरं वाटलं.

दुपारी ४.३०. कोपऱ्यात एकदम टाळ्या. बाई रडत होत्या आणि हसत होत्या. दोनवरच्या गप्पा कुठल्या थराला गेल्या आहेत, देव जाणे.

सायं. ७. हजेरी पूर्ण. दवाखाना सर्वांत शेवटी. सूनबाईचा आवाज बसलेला. म्हटलं, मिठाच्या गुळण्या कर. मग कविता.

घरी, ८.३०. सूनबाईच्या चपला दारात, मातीने भरलेल्या. सौ. तिच्या शेजारी बसून तिची पाठ चोळत होती. दुपारी बाराला वाटेतल्या चौकीवर बंदूकवाल्यांनी त्यांची गाडी अडवली. किल्ल्या काढून घेतल्या. साडेचारपर्यंत सगळ्यांना उन्हात जमिनीवर बसवलं. हातातला रेडिओ तिने औषधांच्या खोक्याआड दडवला होता. पलीकडून ऑपरेटरबाई हळू आवाजात विचारत होत्या, किती जण आहेत, पाणी आहे का, ड्रायव्हर ठीक आहे का. साहेब दोन्ही बाजूंशी फोनवर बोलले तेव्हा सुटका झाली. सौ.ला बाईंनी सव्वाबारालाच कळवलं होतं.

मी विचारलं, मला का नाही हाक मारलीस? मी तिथेच होतो.

सूनबाई रागावली असती तर बरं झालं असतं. तिने शांतपणे सांगितलं. "बाबा, माझ्याकडे एका वाक्याएवढा वेळ होता. तुम्ही सहा विचारली असतीत."

रेडिओ रूमच्या रोजनाम्यात मी लिहिलं आहे: दिवसभर शांतता, सर्व ठीक. सही माझी.

२१ मार्च, गुरुवार
चिरंजीवाचा फोन आला. आईशी बोलला, बायकोशी बोलला. मी हात पुढे केला होता. त्याला राहू दे, असं आईला म्हणाला.

विचार केल्यावर लक्षात येतं की दोष अँटेनाचाही असू शकतो.

नाही. अँटेना काल तपासली.

२२ मार्च, शुक्रवार
संकल्प: चॅनेल दोन ऐकणे. फक्त ऐकणे. तोंड उघडायचं नाही. बाईंकडून जादा हेडफोन मागितला. त्यांनी काही न बोलता दिला. त्यांचं हे एक चांगलं आहे.

काय सांगू! सगळं गाव दोनवर राहतं. पुलापाशी चिखल अजून आहे. उत्तरेच्या चौकीवरचा पहारेकरी सकाळी चिडका असतो, जेवणानंतर बरा, म्हणून दवाखाना दुपारी निघतो. पाण्याच्या टँकरवाल्याला मुलगी झाली, नाव ठेवण्यावरून घरात वाद चालू. आणि बाई प्रत्येकाला दोन शब्दांत उत्तर देतात आणि टाचणी हलवतात.

अंदाजाने हलवत नव्हत्या.

२५ मार्च, सोमवार
चौथा दिवस, दोनवर एक शब्दही बोललो नाही. सौ. म्हणाली, बरं नाही का?

हजेरीनंतर कविता म्हटली, पण दोनच ओळी. माणसाने एकदम बदलू नये, प्रकृतीला झेपत नाही.

२६ मार्च, मंगळवार
दुपारी दोनवर नव्या ड्रायव्हरने माझी नक्कल केली. घसा खाकरणं, "मंडळी, हजेरी पूर्ण", सगळं हुबेहूब. सगळे हसले. सूनबाई सगळ्यांत मोठ्याने. ती घरी अशी हसल्याचं मला आठवत नाही. मी रागावलो नाही. खरं म्हणजे बरं वाटलं. नंतर तो कविता म्हणू लागला. माळावरती सांज उतरली, वाट दिसेना पुढची. आणि अडला. पुढे काय रे? कुणालाच येईना. टँकरवाला म्हणाला, तरी ट्रक हा घरी निघाला. सूनबाई म्हणाली, काहीतरी पावलांचं होतं.

पावलांचं! मी किती दिवस म्हणतो आहे!

एवढं ऐकून घेणं माणसाच्या शक्तीबाहेर होतं. बटण दाबलं आणि पुढची ओळ सांगितली. संदर्भ समजावा म्हणून पुढची दोन कडवीही.

बटण सोडलं. शांतता. ही शांतता आता मी ओळखतो.

२७ मार्च, बुधवार
चॅनेल दोन सकाळपासून स्वच्छ. एक निरोप आला, चक्क सहा कलमी. बाई हेडफोन लावून कोपऱ्यात नेहमीसारख्या लिहीत होत्या, टाचण्या हलवत होत्या. कुठला चॅनेल म्हणून विचारणार होतो. विचारलं नाही. यात माझी प्रगती आहे.

घरी सूनबाईने चहा आणून दिला आणि समोर बसली. म्हणाली, बाबा, एक तुमचा, दोनही घ्या. तीन आमच्याकडे राहू द्या. मी म्हटलं, आणि पुन्हा कुणी गाडी अडवली तर? मी तुझ्या नवऱ्याला शब्द दिला आहे.

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "तशी वेळ आली तर एकवर तुम्हालाही हाक मारीन. तीनवर सगळे आपापलं बोलत असतात, एक मोकळा असतो. पण तुम्ही नुसतं 'बोल' म्हणायचं. पुढे काही नाही."

म्हटलं, एवढंच ना!

संकल्प: बोल. एकच शब्द. आवाज धीराचा हवा, घाईचा नको. सरावासाठी आतल्या खोलीत आरशासमोर उभा राहिलो. पहिल्यांदा जरा कोरडा वाटला. दुसऱ्यांदा फार हळवा. तिसऱ्यांदा इतका छान लागला की नुसता तोडवेना. त्याला जोडून माळावरची सांज आपोआप आली, मागून पावले आली, आणि चौथ्या कडव्यात आरशात सौ. दिसली, दारात उभी.

विचारत होती, संपलं का?