‘बदल त्यागा’ म्हणजे काय?

सिहोरा, मंगळवार संध्याकाळ

मजकूर लिहिण्याच्या फुकटच्या एका सॉफ्टवेअरच्या मराठी मदतपानात मी सुचवलेली दुरुस्ती आज परत आली. तपासणाऱ्याचा शेरा : ‘बोलीभाषा चालणार नाही.’

मूळ पानावर होतं, ‘बदल त्यागण्यासाठी हे बटन दाबा.’ त्यागण्यासाठी! माझ्या वहिनीनं दिवसभर बचतगटाचा अहवाल टाईप केला आणि तेच बटन दाबलं. सगळं गेलं. “मले वाटलं, जुनं जाईल, नवं राहील,” म्हणत रडली. चूक तिची, की ‘त्यागा’ लिहिणाऱ्याची?

मी लिहिलं होतं, ‘हे बटन दाबलं तर आत्ता लिहिलेलं सगळं पुसून जाते.’ वहिनीला वाचून दाखवलं.

“हे पहिलेच काहून नाही लिहिलं?”

तिचा प्रश्न तसाच शेऱ्याखाली टाकला. दुरुस्ती पुन्हा पाठवली, एक अक्षरही न बदलता.